अस्वच्छतेची समज

"हात वर कर बघू," मॅडम म्हणाल्या.

मी केला. दिल्लीजवळच्या मानेसरच्या आमच्या कारखान्यात, लाइनवरच्या सगळ्या बायकांसमोर. काखेतली कातडी सोलली होती, लाल, ओली. खाज सोसेना म्हणून सुती कोट मागितला होता मी. एवढंच मागितलं होतं.

मॅडमनी नाकाला रुमाल लावला. एचआरच्या मोठ्या बाई. मराठीच. पहिल्या दिवशी माझं आडनाव दोनदा विचारून घेतलं होतं.

"अगं, रोज अंघोळ करतेस ना? तुमच्या लोकांत सवय नसते, मला माहितीये."

मागून कुणीतरी हसलं. "नहा लिया कर, यार!"

मी बीएस्सी आहे. घरातली पहिली. दोनदा अंघोळ करते. जूनमध्ये पत्र्याखाली दिवसभर गळाबंद नायलॉनचा कोट, वर एप्रन. घाम काखेत, छातीखाली, जांघेत साचतो. कातडीवर कातडी घासते. हसणारीलाही झालं असणार. बोलत कुणी नाही.

मॅडमनी कागद पुढे केला. त्यावर लिहिलेलं: वैयक्तिक अस्वच्छतेबद्दल समज दिली, कामगाराला मान्य आहे. "कर सही. चलो, लाइन थांबलीये."

पेन घेतलं. आणि आई आठवली.

आई फरीदाबादला एका शाळेत झाडू मारायची. तिच्याही छातीखाली हेच. मी कॉलेजात नवी नवी गेलेली, शहाणी झालेली. म्हणाले, "आई, नीट अंघोळ करत जा. वास येतो." औषधी साबण आणून दिला वर. आईने भांड्यांच्या घासणीने अंग घासलं. आठवडाभर. ब्लाऊज रक्ताने चिकटला. ओरडली नाही. विचारलं फक्त, "गेला का गं वास?"

मी "हो" म्हणाले.

साबणाने, घासण्याने हे वाढतं, कोरडं ठेवावं लागतं, हे मला फार नंतर कळलं. आईला सांगितलं, माफी मागितली. ती "अच्छा" म्हणाली. पण आजही मी घरी गेले की माझ्यापासून हातभर लांब बसते.

पेन खाली ठेवलं.

"मॅडम, कोट नायलॉनचा आहे असं लिहा. मग सही करते."

"नोकरी नकोय का तुला?"

"हवीय."

हवीच आहे. भाडं आहे, आई आहे. काढायचं तर काढा. पण मी घाण आहे हे माझ्या हाताने लिहून देणार नाही. एकदा आईला तसं म्हणाले. पुन्हा कुणालाच नाही. स्वतःलाही नाही.