बॉनेटवाल्या काकूंचं बंदर

काकू कुंकवावर बॉनेट, म्हणजे हनुवटीखाली नाडीने बांधायची जुनी गोरी टोपी, बांधायच्या. बॉस्टनच्या धक्क्यावर इंग्रजी वसाहतीच्या काळातलं बंदर दाखवणारं एक छोटं म्युझियम होतं. तिथे त्या पायघोळ झगा घालून व्यापाऱ्याची बायको व्हायच्या. मी तेव्हा एमएस करत होतो आणि त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो. दर शनिवारी पिंपं हलवायला त्या मला बरोबर न्यायच्या.

काकू मूळच्या रत्नागिरीच्या. आधी त्या तिकीटखिडकीवर होत्या. हा रोल मागितला, तेव्हा मॅनेजर स्टीव्ह त्यांच्या ॲक्सेंटपाशी अडला. काकू सांगायच्या, "मी म्हटलं, स्टीव्ह, तेव्हा इथे उतरणारा जो तो बाहेरूनच आलेला ना? मग माझ्याच ॲक्सेंटचं काय घेऊन बसलास?" काकूंना बॉनेट मिळालं.

खारवलेले मासे, रम, मळी, मिरी, सगळा माल त्या ठसक्यात दाखवायच्या. गुलामांच्या जहाजांपाशी मात्र त्यांचा आवाज उतरायचा. तो भाग त्यांनी कधी गाळला नाही. पिंपातली मिरी म्हणजे रंगवलेले मणी, हे काही त्यांना खपेना. आयसेलिनच्या भारतीय दुकानातून आणलेली खरी मिरी त्यांनी ओतली आणि वर हौसेने थोडी कुटलीही. शाळेची एक अख्खी सहल शिंकत बाहेर पडली. स्टीव्हने बजावलं, "पुन्हा स्वतःचं काही घुसडलंस, तर परत तिकीटखिडकी."

काकू हिरमुसल्या. "घरी मी नुसती रोहनची मॉम. इथे माझी चार गलबतं आहेत रे," म्हणाल्या. संक्रांतीपर्यंत शहाण्यासारख्या वागल्या.

संक्रांतीला झग्याच्या खिशातून तिळाचे लाडू निघाले. पाहुण्यांना वाटत असतानाच समोर स्टीव्ह उभा. काकूंनी त्याच्याही हातावर लाडू ठेवला.

"बंदरातली जुनी रीत आहे. हा खाल्ला की भांडायचं नाही, गोड बोलायचं."

"कुठे वाचलंस?"

"वाचायचं काय त्यात? आमच्या बंदरात पिढ्यान्‌पिढ्या चालतं."

कुठलं बंदर, ते त्याने विचारलं नाही. दुसरा लाडू मात्र मागितला.

पुढे रोहनला ॲरिझोनात जॉब लागला आणि काकूही त्याच्याबरोबर निघाल्या. "तिथे समुद्रच नाही रे," म्हणत काकूंनी बॉनेट परत केलं आणि गाडीत बसून रडल्या. मलाही घर खायला उठलं.

पुढच्या जानेवारीत मी सहज म्युझियमला गेलो. काकूंच्या बॉनेटमध्ये एक सोनेरी केसांची मुलगी उभी होती. तिने माझ्या हातावर दगडासारखा कडक तिळाचा लाडू ठेवला आणि गंभीरपणे सांगितलं, "बॉस्टनच्या व्यापाऱ्यांची ही फार जुनी प्रथा आहे. खाल्ल्यावर भांडायचं नाही."

मला बरंच काही सांगायचं होतं. पण लाडू तोंडात गेला होता.