साडेतीन तासांची वाट

माझी ताई अरुणाचलातल्या एका डोंगराळ गावात शिक्षिका आहे. आई गेल्याचा फोन मिळताच ती निघाली, पण कोकणात आमच्या घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिने चप्पल काढायच्या आत मामांनी मोबाइल तिच्यापुढे धरला.

"तिथे विमानतळ आहे, इथेही आहे. हे बघ, विमानाने फक्त साडेतीन तास. मनात असतं तर वेळेत आली असतीस."

माझं डोकं फिरलं. नकाशावर सरळ रेघ ओढून कुणीतरी काढलेला तो आकडा. त्या रेघेवरून एकही विमान उडत नाही. ताई दरड कोसळलेल्या घाटात अडकली, मग जीप, दोन विमानं आणि रात्रभराची बस असं करत, वाटभर एकटीच रडत आली होती. घरात बसलेल्याला दुसऱ्याची वाट नेहमीच छोटी दिसते.

ताई मान खाली घालून उभी होती.

"मामा," मी म्हणाले, "बाजूला व्हा. तिला आत येऊ द्या."

मामांचं घर आमच्याच आळीत आहे. आईच्या आजारपणात ते एकदाही आले नव्हते.