कोठीतील भरलेल्या पखाली

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असे म्हणणार नाही. कोणी असल्या गोष्टी सांगू लागला की मी उठून जात असे. तरीही वाचकांस मी पुढील हकीकत सांगत आहे. कारण ती माझ्यासमोर घडली, आणि तिच्यात मी पदरचे काही घातलेले नाही.

सरकारने रान राखीव केले, तेव्हापासून वणवा विझविणाऱ्या टोळ्यांना सामान पुरविण्याचे काम माझ्याकडे होते. हुकूम ठाण्याच्या कचेरीतून येई; सामान कल्याणास, खाडीच्या बंदराजवळ माझ्या कोठीत असे. कुऱ्हाडी, कोयते, पालापाचोळा ओढण्याची दाताळी, गोणपाटे, आणि पाण्याच्या पखाली. कोयत्याला धार नाही, कुऱ्हाडीचा दांडा हलतो, असे माझ्या सामानाविषयी कोणी म्हणालेले मला आठवत नाही.

पखालीची गोष्ट निराळी. कोठीतील पखाल तेल पाजून कोरडी ठेवावी लागते, नाही तर चामडे कुजते. पण कोरडी पखाल एकदम भरली तर शिवणीशिवणीतून गळते. ती रात्रभर भिजावी लागते, चामडे फुगावे लागते. तेव्हा कोठे पाणी धरते. म्हणून माझा नियम होता — माझ्या हुकुमावाचून पखालीला पाणी लावायचे नाही.

चैत्रातील एका सकाळी मी कोठीचे कुलूप काढले आणि ओल्या चामड्याचा वास आला. घडवंचीवरील झाडून साऱ्या पखाली भरलेल्या होत्या. टम्म. खालची जमीन मात्र कोरडी ठणठणीत.

मी पखाली भरणाऱ्या पखालजीला, रहिमानला, हाक मारली. रहिमान आणि त्याच्या आधी त्याचा बाप बाबामियाँ, दोघेही माझ्याकडेच राबले. बाबामियाँ आदल्या पावसाळ्यात वारला होता.

"हे पाणी कोणी भरले?"

रहिमानने आत डोकावून पाहिले. "तात्या, किल्ली तुमच्या कमरेला. मी काय कौलांतून उतरलो?"

दारातला पहारेकरी भिकू घाईने म्हणाला, "मी रातभर उंबऱ्यात आडवा होतो. माझ्या अंगावरून कोणी गेला असता तर बोंब मारली नसती?"

"तू?" रहिमान म्हणाला. "तुझ्या अंगावरून बैलगाडी गेली तरी तू कूस बदलून घोरशील."

मी दोघांस गप्प केले. अंगणातला हौद पाहिला. आतून चुन्याचा गिलावा करण्यासाठी तो उपसलेला होता. तळाशी गवंड्याची थापी पडली होती. खाडीचे पाणी खारट, आणि मी एका पखालीचे पाणी चाखले ते गोड निघाले. शेणाळे तळ्यावरून इतके पाणी आणायचे तर बैलांच्या खेपा लागल्या असत्या, आणि सारी आळी जागी झाली असती. मी आळीत विचारले. कोणी बैल पाहिला नव्हता, घुंगूर ऐकले नव्हते.

"सगळ्या रिकाम्या कर," मी म्हणालो. "उन्हात घाल."

रहिमानने पहिल्या पखालीच्या तोंडाला हात घातला आणि तो तसाच राहिला.

"काय झाले?"

"तात्या... गाठ."

वादीचे दोन वेढे, आणि टोक उलटे फिरवून आत खोचलेले. रहिमान अशी बांधत नसे. त्याचे टोक बाहेर लोंबत असे. त्यावरून बाप त्याला भर बाजारात बोलत असे, "गाठ बांधलीस की बकरीला दाढी लावलीस?"

"ही अब्बांची गाठ आहे."

"गाठ गाठीसारखी असते. सोड."

"नाही सुटत, तात्या. हात चालत नाही माझा."

मी स्वतः पुढे झालो, इतक्यात दारात तट्टू थांबले. जंगलाचा रखवालदार होता, तोंड काजळीने माखलेले. मलंगगडाच्या पायथ्याचा वणवा, आग अडविण्यासाठी झाडोरा तोडून ठेवलेला पट्टा ओलांडून आला होता. खाली कातकऱ्यांची वाडी होती. आणि वरच्या नाळेत, डोंगराच्या अरुंद घळीत, टोळीची माणसे तीन बाजूंनी आगीत अडकली होती. टोळीचा म्होरक्या विष्णू. माझा धाकटा भाऊ.

"पखाली भिजवायला घाला," रखवालदार म्हणाला. "उद्या तरी—"

"उद्या कशाला?" मी म्हणालो. "भिकू, गाड्या जुंप."

दुपारी आम्ही पोहोचलो. वाडीच्या वरचा उतार पेटला होता. बायका पोरे घेऊन ओढ्यात उतरल्या होत्या आणि पुरुष ओल्या डहाळ्यांनी आग झोडपीत होते. जंगलखात्याचा रेंजर तेथे होता; तो विचारू लागला, पखाली गळतील ना? मी त्यास गाडीखालची धूळ दाखविली. तीत एक थेंबही पडला नव्हता.

मग काम सुरू झाले. कोयत्यांनी झुडपे आडवी झाली, दाताळ्यांनी पाचोळा ओढला, वाडीच्या अंगास ओल्या गोणपाटांची फळी उभी राहिली; आणि त्या पट्ट्याच्या पलीकडून आम्ही वणव्याच्या तोंडावर उलटी आग सोडली. दोन आगी एकमेकींस भिडल्या, उंच उसळल्या, आणि त्यांना खायला काही उरले नाही. वाडीतून जी आरोळी उठली ती मी आजवर विसरलो नाही. मीही ओरडलो, असे भिकू सांगतो.

राहिली नाळ. पखाली खांद्यावर घेऊन आम्ही वाट भिजवीत वर चढलो. घाईत एकाने वादी कापण्यास कोयता उचलला. रहिमानने त्याचे मनगट धरले. "गाठ मी सोडीन." प्रत्येक गाठ त्यानेच सोडली. आता त्याचा हात चालत होता.

धुरातून माणसे एकामागून एक बाहेर आली, शेवटी विष्णू. भुवया जळालेल्या, दात तेवढे पांढरे. पखालीखाली तोंड धरून तो पोटभर प्याला.

"दादा, पखाल भिजायला रात्र लागते. तुला काल कोणी सांगितलं?"

"आधी पी," मी म्हणालो.

वाडीचे एकही खोपट जळले नाही. टोळीतला एकही माणूस गेला नाही. रात्री कातकऱ्यांनी ढोल काढला, आणि रेंजरसाहेब बूट काढून त्यांच्यात नाचला. पुढे ठाण्याहून विचारणा झाली, सामान इतक्या त्वरेने कसे आले? मी कळविले — सामान तयार होते. खोटे काहीच लिहिले नाही.

त्यानंतर मी भिकूस, गवंड्यास, आळीतील प्रत्येकास पुन्हा विचारले. कुलूप उघडून त्याच्या कळा तपासल्या. कौले मोजून पाहिली. समजूत पटेल असे उत्तर मला मिळालेले नाही, आणि आता या वयात ते मिळेल अशी आशाही नाही.

एक पखाल त्या दिवशी लागली नाही. भरलेली परत आली. रहिमानने ती खुंटीस टांगली आणि माझ्याकडे पाहिले. नियमाप्रमाणे ती रिकामी करून वाळवायची होती. मी दुसऱ्या कामास लागलो. यथावकाश पाणी आटले, चामडे कडक झाले, तडकले. माझ्या कोठीत निरुपयोगी वस्तू ठेवीत नाहीत. ही एक आहे. तिची गाठ सोडण्याचा हुकूम मी अद्याप दिलेला नाही.