शपथ घ्यायला न उचललेला हात

अप्पा भालकीच्या बाजारातून परतले ते शेजाऱ्याच्या गाडीत आडवे होऊन, भर दुपारी. शेजारी हसत म्हणाला, "शिंदीच्या दुकानाम्होरं दगडावर बसलेले घावले. लई तोल जायलाय, बघा." झालं! तेवढं पुरलं. आमचं घर लिंगायतांचं, शिंदीचा थेंब उंबऱ्याच्या आत यायचा नाही.

अप्पा बोलायला बघत होते, पण जीभ जड झालेली. तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता. अव्वानं, माझ्या आईनं, आधी दार लावलं. माणसाला काय झालंय ते मागनं, आधी गल्लीला दिसायला नको! तिला तरी काय बोलू? मीही दाराला पाठ लावून उभी राहिलेच की.

काका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. थोरल्यापुढं कधी मान वर न केलेला माणूस त्या दिवशी ओरडला, "अण्णा, पेलात का न्हाई? न्हाई म्हणता, तर लिंग हातात घिऊन सांगा!"

आमच्यात इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. अप्पा रोज करायचे. त्यांनी उजव्या हातानं गळ्यातली चांदीची डबी चाचपत उघडली, लिंग बाहेर काढलं. डावा हात काही पुढं येईना. मांडीवरनं घसरून तो गादीवर पडला आणि तसाच राहिला.

"बघा! हात धजंना," काका म्हणाले. अव्वानं कपाळ बडवून घेतलं. लिंगाची खोटी शपथ कोण घेईल? आम्हा सगळ्यांना तो कबुलीजबाबच वाटला.

मी तोंड पुसायला वाकले. वास नुसता पान-तंबाखूचा. "काका, शिंदीचा वास न्हाई येत," मी म्हणाले.

"गप बस. लेक बापाचीच बाजू घेणार!"

मी गप बसले. आजही मला माझाच संताप येतो. प्यालेल्या माणसाचे दोन्ही हात लटपटतात, एकच कामून पडावा? एवढं विचारायला काय वैद्य व्हावं लागतं?

मग नशा उतरायला चिंचेचं पाणी. काकांनी मान धरली, अव्वानं वाटीनं ओतलं. जबरी ठसका लागला, डोळे पांढरे झाले. "झोपू द्या, उतरंल," काका म्हणाले. तीन दिवस आम्ही उतरायची वाट बघितली. ताप चढला, छाती घरघरायला लागली, बोलणं पार गेलं, तेव्हा कुठं बिदरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी बघितलं आणि चिडून म्हणाले, "फालिज गिरा है. इत्ते दिन क्या कर रहे थे?" फालिज म्हणजे अर्धांगवायू. अव्वानं चिंचेच्या पाण्याचं सांगून विचारलं, लगेच आणलं असतं तर? अर्धांगावर आमच्याकडंही फारसं औषध नाही, डॉक्टर म्हणाले, पण ते पाणी छातीत गेलं नसतं.

आता कुणाचं तोंड वाकडं दिसलं, की मी आधी दोन्ही हात उचलायला लावते, बोलायला लावते, आणि घोटभर पाणीसुद्धा पाजू देत नाही. लोक म्हणतात, म्हातारी आगाऊ आहे. असू दे.

त्या दिवशी दवाखान्यातच काका अप्पांच्या पायावर डोकं ठेवून लेकरासारखे रडले. "अण्णा, चुकलं माझं. एक डाव बोला." अप्पांनी त्यांच्याकडं बघितलं, अव्वाकडं, मग माझ्याकडं. ओठ हलले. शिवी होती का माफी, कुणालाच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ते गेले.