उत्तरेकडे वाहणारी नदी

आमच्या घरामागची नदी दक्षिणेच्या दलदलीत उगम पावते, गव्हाच्या शेतांतून रमतगमत येते आणि उत्तरेच्या मोठ्या तळ्याला जाऊन मिळते. कॅनडाच्या नकाशात ती शोधायला चष्मा लागतो. पण एप्रिलमध्ये सगळं गाव तिच्यासाठी पुलावर जमतं. दक्षिणेला ऊब आधी पोचते, उगमाकडचा बर्फ वितळतो, पाणी उत्साहाने धावत निघतं आणि इथे येऊन बघतं तर पुढची वाट अजून गोठलेलीच! मग ते काठावरच्या घरांत शिरतं.

"वेडी आहे, दरवर्षी लवकर येते," शेजारचे आजोबा काल पुलावर कौतुकाने म्हणाले. त्यांचं तळघर दरवर्षी ओलं होतं, तरी!

तेवढ्यात नाशिकहून आईचा फोन आला. "पन्हं केलंय गं. तुमच्याकडे उकडायला लागलं का?"

मी कानटोपी खाली ओढली आणि हसले. माझंही या नदीसारखंच आहे. उगमाकडे चैत्र सुरू झालाय आणि मी इथे थिजून उभी आहे. पण ऊब येते ती तिकडूनच. जरा उशिरा पोचते, इतकंच.

"ऐक," आजोबा म्हणाले. पुलाखाली कडाड्कन आवाज झाला आणि बर्फाला या काठापासून त्या काठापर्यंत तडा गेला. मी फोन कठड्याबाहेर धरला.

"अगंबाई, काय फुटलं?" आईने घाबरून विचारलं.

"हिवाळा," मी म्हटलं.