तक्तेबुवांचे सव्वीस प्रश्न

आमच्या कारखान्यात पाण्याचे पंप तयार होतात. त्या पंपांना लागणारा प्रत्येक नट, बोल्ट, वॉशर आणि रबरी चकती गेली एकतीस वर्षं एकाच माणसाच्या टेबलावरून खरेदी झालेली आहे. त्यांचं टेबल खरेदी विभागात खिडकीजवळ आहे, माझं हिशेब विभागात, आणि दोन्हींच्या मधे फक्त एक लोखंडी कपाट. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असतं. एरवी फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना तक्तेबुवा म्हणतात.

दोन पुरवठादारांची दरपत्रकं आली की बुवा फूटपट्टी काढून कोऱ्या कागदावर रकाने आखतात. डाव्या बाजूला मुद्दे, उजव्या बाजूला दोन्ही मालांची माहिती आणि सगळ्यात खाली ‘शिफारस’. ही शिफारस ते लाल शाईने लिहितात. संगणक आले तरी आधी कागद, मग संगणक, हा क्रम बदलला नाही. कँटीनमध्ये कुणी चहा की कॉफी असं विचारलं तर कुणीतरी हमखास म्हणायचं, “थांबा, बुवांचा तक्ता होऊ द्या.” बुवाही हसायचे. “हसा लेको. चुकीचा माल आला की माझ्याच टेबलापाशी येऊन रडता.”

चार वर्षांपूर्वी वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन करायचं ठरलं. हॉस्पिटलं दोन होती, दोन्ही चांगली. एकात डॉक्टर नावाजलेले, दुसऱ्यात यंत्रं नवी. बुवांनी तक्ता केला. दोन्हीकडे तीन-तीनदा जाऊन आले, आधीच्या रुग्णांना भेटले, नर्सना प्रश्न विचारले. यात एकोणीस दिवस गेले. ऑपरेशननंतर पाच महिन्यांनी वहिनी गेल्या. एकोणीस दिवसांनी काही फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुलाला ते पटलं नाही.

तो परत जायला निघाला त्या सकाळी मी त्यांच्या घरी होतो. बॅगेची चेन ओढता ओढता तो म्हणाला, “आई रोज विचारायची, कधी जायचं म्हणून. आणि तुम्ही रकाने आखत बसला होतात.”

बुवांनी बॅग स्वतः उचलून खाली रिक्षापर्यंत नेली.

त्यानंतर मुलाचे वर्षाला दोन फोन. तो लांबच्या शहरात, संगणकाच्या कंपनीत. फोन येऊन गेला की दुसऱ्या दिवशी बुवा मला सांगायचे, “दोन मिनिटं दहा सेकंद बोलला. मागच्या वेळेपेक्षा जास्त.”

या वर्षी त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला. घरात तिला चिमणी म्हणतात. तिचा अभ्यासक्रम संगणकावर चित्रं काढून ती हलती करायचा. त्याला साधा लॅपटॉप पुरत नाही, गेम खेळणारी मुलं वापरतात तसला दणकट लागतो. बहीण शिवणकाम करून एकटीने घर चालवते. प्रवेशाच्या दिवशीच बुवांनी सांगून टाकलं, “लॅपटॉप मामाकडून.” चिमणीने दुकानं पालथी घालून दोन लॅपटॉप निवडले, एक काळा, एक करडा. किंमत जवळपास सारखीच. “मामा, यातला कुठलाही एक घे.”

तक्तेबुवांसमोर दोन वस्तू ठेवून कुठलाही एक घे म्हणणं ही तिची चूक झाली, असं तेव्हा मला वाटलं होतं.

बुवांचा मुलगा लहानपणापासून गेमचा शौकीन. त्यापायी त्याने वडिलांची बोलणीही भरपूर खाल्लेली. बुवांनी धीर करून त्यालाच दोन्हींची माहिती पाठवली आणि खाली लिहिलं, “चिमणीसाठी. कोणता घेऊ?” दहा मिनिटांत उत्तर आलं. बुवांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन माझ्यापुढे धरला.

“काळ्याचं ग्राफिक्स कार्ड जास्त ताकदीचं आहे, पण तो तापतो आणि वजनाला जड आहे. करड्याचा स्क्रीन चांगला, रंग खरे दिसतात. रॅम दोन्हीत नंतर वाढवता येते, कार्ड बदलता येत नाही. चिमणी नुसती चित्रं काढणार की थ्रीडी पण करणार? त्यावर ठरेल.”

“केवढं लिहिलंय बघा,” बुवा म्हणाले. “चार वर्षांत एवढं लिहिलं नव्हतं त्याने.”

तिथून सुरुवात झाली. तापतो म्हणजे किती तापतो? स्क्रीन एका सेकंदात इतक्या वेळा बदलतो, तर त्याने डोळ्यांना त्रास होतो का? आठवड्यातून दोनदा बुवा एक प्रश्न पाठवायचे आणि मुलगा उत्तर द्यायचा. कधी लिहून, कधी आवाज रेकॉर्ड करून. ते रेकॉर्डिंग बुवा डबा खाताना फोन कानाला लावून तीन-तीनदा ऐकायचे. एकदा तर त्याचा फोनच आला. “बाबा, रॅम म्हणजे तुमचं टेबल समजा. टेबल मोठं असलं तर एका वेळी जास्त फायली उघड्या ठेवता येतात. आणि डिस्क म्हणजे तुमचं ते लोखंडी कपाट.” हे बुवांनी त्या दिवशी अख्ख्या विभागाला समजावून सांगितलं, ज्यांना ते आधीपासून माहीत होतं त्यांनाही.

सहाव्या आठवड्यात एका उत्तराच्या शेवटी मुलाने विचारलं, “गुडघा कसा आहे?” बुवा त्या दिवशी जिन्यावरून जरा जोरातच उतरले.

तोपर्यंत चिमणीचं कॉलेज सुरू होऊन महिना झाला होता. बहिणीचा फोन ऑफिसात यायला लागला. बुवा फोन कानापासून थोडा लांब धरत, त्यामुळे मला सगळं ऐकू येई.

“दादा, अरे दोन यंत्रांतून एक उचलायचंय. स्थळं बघतोयस का तिच्यासाठी?”

“चौकशी चालू आहे. घाईत चुकीचा माल नको.”

“तुझी चौकशी होईस्तोवर तिचं शिक्षण संपेल.”

त्याच सुमारास एक दिवस बुवा गोदामात गेले होते आणि मला रबरी चकत्यांच्या बिलाची प्रत तातडीने हवी होती. एकमेकांचे ड्रॉवर उघडायची आमची जुनी सवय. बिल मिळालं. त्याखाली फूटपट्टीने आखलेला तक्ता होता, काळा आणि करडा. शिफारशीच्या रकान्यात लाल शाईने ‘करडा’ लिहिलं होतं. खाली सही आणि तारीख. ती तारीख मुलाचं पहिलं उत्तर आल्यानंतर तिसऱ्या दिवसाची होती.

तक्त्याला टाचणीने एक दुसरा कागद जोडला होता. वर लिहिलं होतं, ‘विचारायचे प्रश्न’. एकूण सव्वीस. प्रत्येकापुढे तारीख. पहिल्या चौदांवर बरोबरच्या खुणा होत्या. पंधरावा, पंखा साफ कसा करायचा. एकोणिसावा, चार्जर एवढा जड का असतो. त्यापुढच्या तारखा पुढच्या महिन्यातल्या. सव्विसाव्यापुढे प्रश्न नव्हता, नुसतीच तारीख होती. मी कागद होता तसा ठेवला.

न बोलायचं ठरवलं होतं, पण दुपारच्या चहाला राहवलं नाही.

“बुवा, शिफारस तर झालेली आहे.”

त्यांनी कप खाली ठेवला. “ड्रॉवर उघडलात.”

“बिल हवं होतं.”

“मिळालं?”

“मिळालं.”

ते कपाच्या कानाशी चाळा करू लागले. मग म्हणाले, “एकदा लॅपटॉप घेतला की तो माझ्याशी कशाला बोलेल?”

“दुसरं काहीतरी विचारा.”

“काय विचारू? त्याच्या कामातलं मला कळत नाही. आणि माझं काय चाललंय ते त्याला नको असतं. आईवर विषय गेला की फोन बंद. हा एकच विषय असा आहे की त्याला राग येत नाही.”

“पण पोरगी खोळंबलीय.”

“माहीत आहे मला.” त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “तिला सगळं भरून देईन मी नंतर. बाराच प्रश्न राहिलेत.”

माझी दोन्ही मुलं घरी आहेत, आणि रोज कशावरून तरी माझ्याशी वाद घालतात.

पुढच्या शुक्रवारी दुपारी पहारेकऱ्याने चिमणीला आत आणून सोडलं. ती पहिल्यांदाच ऑफिसात आली होती. पाठीवर सॅक, हातात गुंडाळलेली चित्रं. बुवांनी तिच्यासाठी माझीच खुर्ची ओढली, म्हणून मी कपाटाला टेकून उभा राहिलो.

“कॉलेज लवकर सुटलं का गं?”

“नाही, मीच आले.” तिने सॅक मांडीवर घेतली. “मामा, लॅपटॉप राहू दे.”

“का?”

“लॅबमध्ये होतंय माझं. दोघींत एक मशीन मिळतं, पाचला बंद करतात, पण होतं. पहिलं काम पूर्ण झालं नाही, म्हणून सरांनी मला दुसऱ्या गटात टाकलंय. तिथे नुसतं कागदावर काढायचं असतं. तेही बरंच आहे.” हे सगळं ती हसत हसत सांगत होती. मग आवाज खाली आणून म्हणाली, “आईला मी सांगितलंय, मलाच नको म्हणून. तुझी काही अडचण असेल ना, तर असू दे रे. तू आम्हाला सांगायला लाजत असशील, असं मला वाटलं.”

बुवांनी समोरची फाईल बंद केली.

मग ते उठले. एकतीस वर्षांत रजेचा अर्ज न भरता ते कधी फाटकाबाहेर पडले नव्हते. त्या दिवशी मला एवढंच म्हणाले, “साहेबांनी विचारलं तर सांगा.” आणि चिमणीच्या हातातली चित्रं स्वतःच्या काखेत घेऊन जिना उतरले.

करडा लॅपटॉप संध्याकाळी पाचच्या आत बहिणीच्या घरी पोचला. विक्रेता म्हणाला म्हणे, “काका, तुम्ही याल अशी आम्ही आशाच सोडली होती.”

त्यांनी मुलाला कळवलं, “करडा घेतला.” मुलाने अंगठा पाठवला. दोन दिवस थांबून बुवांनी पंधरावा प्रश्न पाठवला, पंखा साफ कसा करायचा. उत्तर आलं, “चिमणीला माहीत असेल. तिला विचारा.”

तो कागद त्यांनी ड्रॉवरमधून काढला, चार घड्या घातल्या आणि पाकिटात ठेवला. त्यानंतर डबा खाताना फोन टेबलावर पडलेला असायचा. मी मुद्दाम ऑफिसातल्या भानगडी सांगायचो. ते मान डोलवायचे.

महिन्याभराने एका रविवारी बहिणीने आम्हा दोघांनाही जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर बहीण शिलाई मशीनवर बसली. आम्ही पलंगावर, आणि चिमणी आमच्याकडे पाठ करून लॅपटॉपसमोर. कानाला हेडफोन. स्क्रीनवर कुठल्याशा पडक्या किल्ल्यात दोन माणसं पळत होती.

“कुणाशी बोलतेस गं?” बुवांनी विचारलं.

तिने मागे वळून बघितलं. उत्तर न देता हेडफोनची वायर उपटली, आणि खोलीत मुलाचा आवाज आला.

“डावीकडे वळ गं, डावीकडे. अगं माठ, ती भिंत आहे.” आणि तो हसला. मोठ्याने, श्वास लागेपर्यंत हसला. शिलाई मशीन थांबलं.

“आवाज का घुमतोय? हेडफोन काढलास का?”

“कान दुखतायत,” चिमणी म्हणाली. बुवांकडे बघून तिने भुवया उंचावल्या, बोलतोस का? बुवांनी झटकन मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं. पलंगावर ते थोडे मागे सरकले, स्क्रीनवरच्या कॅमेऱ्यात येणार नाहीत इतके.

खेळ चालू राहिला. मधेच मुलगा म्हणाला, “मामा कसा आहे तुझा?”

“बरा आहे. तूच फोन करून विचार ना.”

थोडा वेळ नुसती बटणं वाजली. “करीन,” तो म्हणाला. “चल, पुढचा दरवाजा उघड.”

पाऊण तास आम्ही तिथे बसून होतो. स्क्रीनवर काय चाललंय ते बुवांना कळत नव्हतं, मलाही नाही. तो हसला की बुवांच्या चेहऱ्यावर हसू यायचं, आणि तो गप्प झाला की ते लगेच लॅपटॉपकडे बघायचे, बंद तर पडला नाही ना म्हणून.

आता ते दर रविवारी तीन वाजता तिथे जातात. फोन अजून आलेला नाही.

त्या दिवशी परतताना बस थांब्यावर मी त्यांना विचारलं, “बोलला का नाहीत? तो तर विचारत होता तुमच्याबद्दल.”

बुवा बस येते त्या दिशेला बघत होते.

“मी आहे असं कळलं असतं,” ते म्हणाले, “तर तो हसायचा थांबला असता.”