पालक होण्यास पात्र

वच्छला गेल्याचा फोन आला तेव्हा मी चौथीच्या वर्गावर होते. फोन भगवानरावांचा, तिच्या नवऱ्याचा. हा माणूस उभा जन्म कामरगाव-कारंजा रस्त्यावर जीप चालवत आला, त्यामुळे फोनवरही इंजिनाच्या वर आवाज काढून बोलायची सवय. त्या दिवशी आवाज इतका खाली होता की मला पुन्हा विचारावं लागलं. "मॅडम, वच्छला गेली," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "आता चिमीले कोन सांगन?" ... मला आधी राग आला. दुःख मागून आलं. आता दीड-दोन महिने होत आले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही झाला, त्यात लोक तिच्याबद्दल भरभरून बोलले. माणूस गेल्यावर चांगलं बोलायला कुणाचं काही जात नाही. माझा राग मात्र अजून उतरलेला नाही, तेव्हा ज्यांना गोड आठवणी वाचायच्या असतील त्यांनी पान उलटावं.

कामरगावच्या शाळेवर माझी बदली झाली तेव्हा पहिली ओळख झाली ती वच्छलाशी, तीही भांडणातून. माझ्या ब्लाउजची बाही तिने मी सांगितल्यापेक्षा सैल शिवली होती. मी तक्रार केली तर म्हणाली, "मास्तरीनबाई हाय तुमी, फळ्यावर लिहाले हात वर करान तं काखेत ओढन. माप बरोबर हाये." ब्लाउज मी घरी नेला, आणि पुढे बावीस-चोवीस वर्षं दुसऱ्या कुणाकडे शिवला नाही. तिला मूल नव्हतं. ते दुःख तिने कधी उगाळलं नाही, पण गल्लीतलं कुठलंही पोर तिच्या मशीनखाली चिंध्या गोळा करत बसलेलं असायचं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली मशीन, आणि मशीनखाली पोरं. त्या घराचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर असंच आहे.

चिमी त्याच पोरांतली एक. हे तिचं घरातलं नाव, खरं नाव लिहिता येत नाही, कायदा आहे. आई वारलेली. बाप दरसाल वीटभट्टीवर जायचा. एका वर्षी, पोरीची शाळा बुडू नये म्हणून, त्याने तिला "एवढा हंगाम ठेवा" म्हणून वच्छलाकडे ठेवलं. हंगाम संपला, पाऊस पडला, पेरण्या झाल्या, बाप आला नाही. तिकडेच त्याने दुसरा संसार मांडला असं कळलं, मग फोन बंद झाला. चिमी माझ्याच वर्गात होती. पाढ्यांत कच्ची, नाचण्यात पक्की, आणि कामचुकार तर अशी की वर्गात खडू आणायला सांगितला तर शेजारच्या मुलीला पाठवायची. वच्छलाला याचं भारी कौतुक. स्वतःच्या हाताने तिचं ताट धुवायची आणि मला सांगायची, "माह्या मायनं मले इतकूशी होती तवापासून चुलीपाशी बसवलं. ह्या पोट्टीनं खेळाव बस."

सगळं सुरळीत चाललं होतं. सुरळीत चाललेलं मोडायचं असेल तर ते नियमात बसवायला जावं, हे मी यानंतर शिकले. वच्छलाच्या मनात एकच भीती: उद्या बाप उगवला आणि पोरीला भट्टीवर घेऊन गेला तर आपण कोण लागतो तिचे? ग्रामपंचायतीत लागलेल्या एका भित्तिपत्रकावरून तिला कळलं, की अशा मुलांना सांभाळणाऱ्या कुटुंबाला सरकार रीतसर मान्यता देतं, प्रतिपालक म्हणतात त्यांना. ती हरखून गेली. चिमीला नवा फ्रॉक शिवला, जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं आणि नवरा-बायको आपल्या पायांनी जिल्ह्याच्या ऑफिसात गेले. परत आले ते दोघंच. मान्यता नसताना परक्याचं मूल घरात ठेवता येत नाही, चौकशी पूर्ण होईतो पोरगी मुलींच्या बालगृहात राहील, असं त्यांना सांगण्यात आलं. नियमाने ते बरोबरच होतं. ज्या बापाने टाकलं त्याला कुणी काही विचारलं नाही, ते बहुधा कुठल्या नियमात बसत नसावं.

मग सुरू झाली पात्रता. नवरा-बायको दोघांची संमती हवी, वय अमुक हवं, उत्पन्नाचा दाखला हवा, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा, दोघांची प्रकृती ठणठणीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला हवा, मुलीला झोपायला वेगळी जागा हवी, आणि गावातल्या दोन प्रतिष्ठित माणसांनी या कुटुंबाबद्दल सांगायला हवं. एकेक गोष्ट वाचली तर कशालाच नाही म्हणता येत नाही. मी त्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं. भगवानरावांनी जास्त सवाऱ्या भरल्याबद्दल कधीकाळी दंड भरला होता, त्या धसक्याने ते पोलीस ठाण्याच्या दारातून परत आले. वच्छलाने त्यांना हाताला धरून आत नेलं. रक्त द्यायचं म्हटल्यावर त्यांना घेरी आली. "बाप व्हाले निंगाले अन् सुईले भेले," म्हणून ती त्यांना आठवडाभर चिडवत होती. मशीन तिने ओसरीत काढली, खोलीला निळा रंग दिला. पावसाची झड यायची तेव्हा मशीनवर ताडपत्री टाकून स्वतः भिजत शिवायची.

घर बघायला ऑफिसातून एक तरुण मुलगी आली. चांगली होती बिचारी, चहासुद्धा आग्रह केल्यावर घेतला. तिने शेजारी चौकशी केली. वच्छलाने शेजारच्या द्वारकाबाईंना आधीच बजावून ठेवलं होतं, "चांगलं सांगा वो बाई." आता आपल्याकडे मुलीबद्दल चांगलं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? सोयरीक जुळवताना जे सांगतात तेच. द्वारकाबाईंनी पदर सावरला आणि सुरू झाल्या. "पोट्टी लय गुनाची हाये मॅडम. कोंबड्यासंगं उठते, सारं घर झाडते, भांडे घासते, पानी भरते. वच्छलाले कायले हात लावू देत नाई. असं लेकरू दिवा घेऊन पाह्यलं तं नाई भेटनार." किराणा दुकानदारानेही मान डोलावून, "दुकानातला सौदा बी थेच नेते," अशी भर घातली. यातलं एक अक्षर खरं नव्हतं. चिमीने त्या घरात चमचा धुतला नव्हता. पण मुलगी खेळते, लोळते, उशिरा उठते, हे परक्या माणसाजवळ सांगून कोणी तिची बदनामी करतं का?

चौकशीला आलेल्या त्या मुलीने ऐकलं तेच ऑफिसात सांगितलं. मुलीकडून घरकाम करवून घेतलं जातं, सबब हे कुटुंब योग्य दिसत नाही. वच्छला ऑफिसातून आली आणि माझ्या ओसरीवर बसली. "मॅडम, तिले कामाले ठेवली म्हनते मी..." एवढंच म्हणाली. मी चिडले, तणतणले, तावातावाने वरच्यांना अर्ज लिहून दिला. द्वारकाबाईंच्या जिवाला तर चैन पडेना. दिवसाची रोजी बुडवून ती म्हातारी जिल्ह्याला गेली आणि साहेबांपुढे उभी राहून म्हणाली, "साहेब, म्या खोटं सांगतलं. ते पोट्टी एक नंबर आयशी हाये, इकडची काडी तिकडं करत नाई." साहेब म्हणाले, "आजीबाई, तुमचं आधीचं खरं धरायचं का आताचं?" लोक हसले. मग फेरतपासणीचं ठरलं, पण तोवर मूल कुणाकडे द्यायचं ते ठरवणाऱ्या समितीची मुदत संपली होती आणि नवीन नेमायची होती. ती कधी नेमली जाईल हे कुणालाच माहीत नव्हतं. दर भेटीच्या दिवशी वच्छला डबा घेऊन बालगृहात जायची. घरी कधी नेता, असं चिमीने विचारलं की तू घरकाम करतेस असं ऑफिसवाल्यांना वाटतं, एवढंच तिला सांगता यायचं. बाकी वेळ वाट बघायची.

या काळात ती वाळत चालली होती. मी विचारलं की म्हणायची, "भाकर कमी केली. डॉक्टरनं वजन मोजलं तं जास्त नको भराले." मी तिच्या बोलण्यावर हसले होते. खरं काय ते भगवानरावांनी मला सगळं आटोपल्यावर सांगितलं. तिच्या छातीत गाठ होती. तिच्या हाताला ती फार आधी लागली होती, नवऱ्याने दवाखान्यात चल म्हणून हातापाया पडून पाहिलं. तिचं एकच उत्तर. "पुन्हा तपासनी होईन तवा डाक्टरचा दाखला लागन. एकडाव दवाखान्याच्या कागदावर हे आलं, का पोरगी गेली. आधी तिले घरी येऊ द्या, मंग तुमी म्हनान थ्या दवाखान्यात येते." बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर तिने भगवानरावांकडून वचन घेतलं होतं, कुणाजवळ बोलायचं नाही म्हणून. त्यांनी ते पाळलं. मी त्या माणसावर ओरडले. ओरडून झाल्यावर लक्षात आलं की समोर ओरडण्यासारखं कुणी नाहीच, मुलीच्या निळ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेला एक एकटा माणूस आहे. मूल सांभाळायला आईची प्रकृती चांगली हवी, हा नियम कुणी वाईट मनाने केलेला नाही. त्या नियमाच्या पोटी एक बाई आपलं मरण लपवत राहिली, हे कुठल्या रकान्यात भरायचं ते मात्र कुणी सांगितलेलं नाही.

पुण्यानुमोदनानंतर आठवड्याने ऑफिसचा फोन आला. नवीन समिती बसली होती, फेरतपासणीची तारीख द्यायची होती. भगवानरावांनी खरं ते सांगितलं. पलीकडे तीच तरुण मुलगी होती. मग तिने अगदी हळू आवाजात नियम सांगितला: एकट्या पुरुषाच्या घरी मुलगी देता येत नाही. "बरोबर हाये त्यायचं," भगवानराव मला म्हणाले, "एकट्या मानसाचा कोन भरवसा धरन?" त्यांना स्वतःबद्दल असं बोलताना ऐकणं मला सहन झालं नाही.

चिमीला सांगायला आम्ही दोघं गेलो. अधीक्षकबाईंनी आम्हाला व्हरांड्यात बसवलं, चहा पाठवला. चिमी उंच झाली आहे. सांगितलं मीच. मी शिक्षिका आहे, मुलांना काहीही समजावून सांगता येतं असा माझा समज होता. ती रडली नाही. वच्छलाची एक सवय होती, कुणाच्याही घरी गेली तरी चहा झाला की आपला कप आपण विसळून पालथा घालायचा, कुणाला उचलू द्यायचा नाही. चिमी तेच करायला निघाली. आमचे दोघांचे कप उचलून ती व्हरांड्याच्या टोकाच्या नळापाशी गेली, तोटी सोडली... आणि एकदम बंद केली. कप तसेच उष्टे खाली ठेवले आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन परत आली.

"मी नाई धुत, बाबा," ती भगवानरावांना म्हणाली. "इथं बी कोनतंच काम नाई करत. तुमी त्यायले सांगा."